हिशेब उघडा, आकडा रुमालाखाली
जागेत गुंतवणूक करताना दलालाला काय दाखवावे आणि काय राखून ठेवावे

जुन्या बाजारपेठांतील सौद्याची एक रीत आपल्यातील अनेक ज्येष्ठांनी पाहिलेली आहे. माल पोत्याबाहेर काढून ठेवलेला असे. कोणीही यावे, मूठभर हातात घ्यावे, दाणा दाताखाली फोडून पाहावा. प्रत, ओलावा, वजन यांविषयीची बोलणी मोठ्याने होत. भाव मात्र रुमालाखाली ठरे. दोघांची बोटे एकमेकांना जे सांगत, ते शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नसे. यात कोणाला लबाडी वाटत नसे, कारण उघडे काय असावे आणि झाकलेले काय असावे याची मर्यादा सर्वांना ठाऊक होती.

त्याच घराण्यांतील आजची पिढी भाड्याने देण्यासाठी गाळा, दुकान किंवा गोदाम घ्यायला निघते, तेव्हा ही मर्यादा पुष्कळदा उलटी झालेली दिसते. ‘सव्वा कोटीपर्यंत जाऊ, पण दिवाळीच्या आत झाले पाहिजे,’ हे पहिल्याच भेटीत दलालाला सांगितले जाते. ज्या भाड्यावर, करांवर आणि खर्चावर तो सव्वा कोटीचा आकडा उभा असायला हवा, त्याचा हिशेब मात्र एक तर केलेलाच नसतो, किंवा केला असेल तर ‘दलालाला कशाला दाखवायचा?’ म्हणून कपाटात ठेवलेला असतो. म्हणजे भाव उघड्यावर आणि माल रुमालाखाली.

या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की हा क्रम पुन्हा सरळ करावा. गुंतवणुकीचा हिशेब दलालापुढे मांडावा, त्याच्या अनुभवाने तो तपासून घ्यावा. पण आपण कोठे थांबणार तो आकडा, आपली निकड आणि आपली अपेक्षा घरातच राहू द्यावी.

दलाल कोणाचा?

व्यापारी कुटुंबांना दलाली हा शब्द परका नाही. मार्केट यार्डातील अडत्या आणि खरेदीदार रोज समोरासमोर येतात. आज एका सौद्यात कोणी कमी-जास्त केले, तर उद्याचा सौदा बिघडतो. ही रोजची भेट हीच तेथील शिस्त असते. जागेच्या व्यवहारात ती नसते. एखादे कुटुंब आयुष्यात दोन-तीन वेळा जागा घेते. दलाल मात्र वर्षभर त्याच व्यवहारात असतो. त्यामुळे अडत्यावर ठेवतो तसा विश्वास सवयीने जागेच्या दलालावर टाकणे योग्य नव्हे. तो दलाल वाईट असतो असे नाही. त्याच्या मिळकतीची रचनाच निराळी असते.

ही रचना एका साध्या उदाहरणाने कळेल. दलाली १ टक्का धरली, तर १ कोटी १० लाखांच्या सौद्यात त्याला १ लाख १० हजार मिळतात आणि १ कोटी ५ लाखांच्या सौद्यात १ लाख ५ हजार. तुमचे ५ लाख वाचतात, त्याचे ५ हजार जातात. पण सौदा मोडला तर त्याच्या हाती काहीच येत नाही. म्हणून भाव किती ठरतो यापेक्षा सौदा या महिन्यात पुरा होतो की नाही, याकडे त्याचे लक्ष अधिक असणे स्वाभाविक आहे.

अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आकड्यांनी दाखवले. शिकागो परिसरातील सुमारे १ लाख घरविक्रींची माहिती त्यांनी तपासली. दलालांनी स्वतःच्या मालकीची घरे विकली तेव्हा ती ग्राहकांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के अधिक किमतीला गेली आणि विक्रीसाठी सुमारे साडेनऊ दिवस अधिक थांबली. स्वतःच्या घरासाठी जो धीर धरला गेला, तो दुसऱ्याच्या घरासाठी धरला गेला नाही. हा अभ्यास विक्रेत्याच्या दलालाविषयी आहे आणि देशही वेगळा आहे. पण सौदा लवकर मिटवण्याची ओढ खरेदीदाराच्या बाजूलाही तशीच लागू पडते.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. एकच दलाल अनेकदा दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो. नव्या प्रकल्पात तर त्याचा मोबदला बहुधा बांधकाम व्यावसायिकच देतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार ज्याच्या वतीने प्रतिनिधी काम करतो, त्याला न सांगता प्रतिनिधीने स्वतःच्या फायद्याचा व्यवहार केला, तर तो फायदा मागण्याचा हक्क त्या मूळ पक्षाला असतो. परंतु हे संरक्षण मिळण्यासाठी दलाल आधी आपला प्रतिनिधी असावा लागतो. तो विक्रेत्याचा असेल, तर आपण त्याला सांगितलेली प्रत्येक गोष्ट विक्रेत्याला सांगितल्यासारखीच समजावी.

म्हणून पहिल्या भेटीतील पहिला प्रश्न जागेविषयी नसावा. ‘या व्यवहारात आपल्याला मोबदला कोणाकडून मिळणार, आणि किती?’ हा असावा. तो विचारण्यात संकोच नको. प्रामाणिक दलाल सरळ उत्तर देतो, आणि उत्तर टाळले गेले तर तेही एक उत्तरच असते.

नोंदणीकृत प्रकल्पातील जागेची विक्री करून देणाऱ्या दलालाने २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणी करणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात महारेरा प्राधिकरणाने २०२३ पासून दलालांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सुरू केली. नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. ग्राहकाला ज्या कागदपत्रांचा हक्क आहे, ती मिळवून देण्यास साहाय्य करणे हे अशा दलालाचे कायदेशीर कर्तव्य आहे. मात्र जुन्या पेठेतील पुनर्विक्रीचा गाळा बहुधा या चौकटीबाहेर राहतो. तेथे आपली काळजी आपणच घ्यावी लागते.

एका गाळ्याचा हिशेब

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. समजा, पुण्यात एका गाळ्याची किंमत १ कोटी २० लाख सांगितली जाते आणि महिन्याला ६० हजार भाडे येईल असे दलाल म्हणतो. वर्षाचे ७ लाख २० हजार. म्हणजे ६ टक्के परतावा. बोलण्यात हाच आकडा येतो आणि बैठकीत तोच मनात राहतो.

खर्चाची बाजू लिहिली की चित्र बदलते. पुण्यात मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था अधिभार आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजार. महिलेच्या नावे खरेदी केल्यास मिळणारी १ टक्क्याची सवलत निवासी जागेसाठी आहे, गाळ्यासाठी नाही. नोंदणी शुल्क ३० हजार. दलाली १ टक्का व तिच्यावरील १८ टक्के जीएसटी मिळून सुमारे १ लाख ४२ हजार. वकील, मालकी हक्काचा शोध आणि डागडुजी यांसाठी ३ लाख धरू. एकूण रक्कम १ कोटी ३३ लाख १२ हजार होते. आपले भांडवल एवढे गुंतते, १ कोटी २० लाख नव्हे.

आता उत्पन्नाची बाजू. भाडेकरू बदलताना गाळा काही काळ रिकामा राहतो. सरासरीने वर्षाला एक महिना धरला तर हाती ६ लाख ६० हजार येतात. त्यातून मिळकत कर, सोसायटीची वर्गणी, विमा, किरकोळ दुरुस्ती आणि नवा भाडेकरू आणण्याची दलाली मिळून १ लाख ३५ हजार वजा केले, तर ५ लाख २५ हजार उरतात. हे उत्पन्न १ कोटी ३३ लाख १२ हजारांवर मोजले की परतावा ३.९४ टक्के येतो, आणि तोही आयकरापूर्वीचा. सहाचे चार झाले. यात कोणी कोणाला फसवलेले नाही. फक्त खर्चाचा रकाना भरला गेला.

व्यापारी घरासाठी येथेच खरा धोका आहे. ही रक्कम दुकानाच्या खेळत्या भांडवलातून काढली आणि ती उणीव बँकेच्या कॅश क्रेडिटने १० टक्के व्याजावर भरून काढली, तर वर्षाचे व्याज १३ लाख ३१ हजार होते. गाळ्यातून येणार ५ लाख २५ हजार. म्हणजे दर वर्षी ८ लाखांहून अधिक रक्कम पेढीच्या नफ्यातून त्या गाळ्याला पोसण्यात जाते. वाडवडिलांची चालती पेढी जागेत अडकलेल्या पैशामुळे अडचणीत आल्याची उदाहरणे प्रत्येक बाजारपेठेत सांगितली जातात. बहुतेकदा जागा वाईट नसते. हिशेब उशिरा केलेला असतो.

‘शेठ, भाड्याकडे काय पाहता? पाच वर्षांत दुप्पट होईल,’ असे यावर उत्तर मिळते. पाच वर्षांत दुप्पट होण्यासाठी किंमत दर वर्षी चक्रवाढीने जवळपास १४.९ टक्के वाढावी लागते. दहा वर्षांत दुप्पट व्हायलाही सुमारे ७.२ टक्के लागतात. ती वाढ अशक्य नाही, पण गृहीत धरण्याजोगीही नाही. त्याच इमारतीत पाच वर्षांपूर्वी झालेल्या खरेदीचे सूची क्रमांक दोनचे उतारे मागावेत. ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरही शोधता येतात. त्यावरून मागील पाच वर्षांत प्रत्यक्ष काय झाले ते दिसते.

दाखवावे असे

वरील हिशेबातील एकही बाब गुप्त नाही. मुद्रांक शुल्काचा दर सर्वांना ठाऊक असतो, मिळकत कराची पावती मालकाकडे असते, वर्गणी सोसायटीच्या दप्तरी असते. म्हणून भाडे, रिकामा काळ, वार्षिक खर्च आणि सुरुवातीचे खर्च असे चार रकाने एका पानावर लिहून ते पान दलालाच्या हाती द्यावे, आणि म्हणावे, ‘भाऊ, यात चूक असेल तर दाखवा.’

असे करण्यात दोन लाभ आहेत. पहिला असा की चांगल्या दलालाजवळ जे ज्ञान असते ते कोणत्याही कागदावर नसते. गाळ्यासमोर रस्तारुंदीची आखणी आहे का, पावसाळ्यात पुढे पाणी साचते का, दोन पायऱ्या चढाव्या लागतात म्हणून औषधाचे दुकान तेथे येत नाही का, शेजारचा गाळा आठ महिने बंद का आहे, हे त्याला माहीत असते. पण ‘जागा कशी आहे?’ असे विचारले तर तो ‘उत्तम’ म्हणतो. ‘आम्ही रिकामा काळ एक महिना धरला आहे, तो बरोबर आहे का?’ असे विचारले तर त्याला नेमके उत्तर द्यावे लागते. त्याने तीन महिने धरायला सांगितले, तर भाडे ५ लाख ४० हजारांवर येते, खर्च जाऊन ४ लाख ५ हजार उरतात आणि परतावा ३.०४ टक्क्यांवर उतरतो. एका प्रश्नाने जवळजवळ एक टक्क्याचा फरक दाखवला.

भाड्याच्या आकड्यालाही पुरावा मागता येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. तेव्हा ‘या गल्लीत गेल्या वर्षात नोंदवलेले दोन-तीन करार दाखवा,’ ही मागणी रास्त आहे. सांगितलेले ६० हजार सध्या मिळत असलेले भाडे आहे की ‘मिळू शकेल’ असे आहे, आणि ते कोणत्या क्षेत्रफळावर आहे, चटई की बांधीव, हेही त्याच वेळी स्पष्ट होते.

दुसरा लाभ दलालाचा आहे. आपण कोणत्या गोष्टी मोजतो हे त्याला कळले की तो दहा जागा दाखवत नाही, तीन दाखवतो. त्याचे पेट्रोल वाचते, आपल्या दुपारी वाचतात. पुढे एखादी योग्य जागा बाजारात येते तेव्हा त्याला प्रथम आठवण होते ती अशा ग्राहकाची, जो पाहतो, मोजतो आणि दोन दिवसांत स्पष्ट उत्तर देतो.

राखावे असे

तीन गोष्टी मात्र त्या पानावर नसाव्यात.

पहिली, कमाल किंमत. ही गोष्ट बहुतेकांना कळते.

दुसरी, आपल्याला अपेक्षित परतावा. येथे अनेक सुशिक्षित तरुणही चुकतात. ‘बजेट सांगणार नाही, पण आम्हाला किमान ५ टक्के हवेत,’ असे ते म्हणतात आणि आकडा राखला असे समजतात. प्रत्यक्षात तो सांगून झालेला असतो. निव्वळ उत्पन्न ५ लाख २५ हजार आणि अपेक्षा ५ टक्के, म्हणजे एकूण गुंतवणूक १ कोटी ५ लाखांपेक्षा जास्त नको. त्यातून शुल्क, दलाली आणि इतर खर्च उलटे वजा केले की गाळ्याची किंमत सुमारे ९४ लाख येते. भाडे व खर्चाचे रकाने ज्याच्या हाती आहेत, त्याला हे गणित पाच मिनिटांत करता येते. म्हणून उत्पन्न आणि खर्च दाखवावेत. अपेक्षेचा दर घरच्या वहीत ठेवावा.

तिसरी, निकड आणि पैशाचे मूळ. जुनी जागा विकून आलेली रक्कम ठरावीक मुदतीत गुंतवायची आहे, भावांची वाटणी होऊन पैसा हाती आला आहे, मुलाला स्वतंत्र दुकान लवकर काढून द्यायचे आहे, यांपैकी कोणतीही गोष्ट समजली की समोरच्याला फक्त वाट पाहायची असते. खरेदी व्यक्तीच्या नावे, एकत्र कुटुंबाच्या नावे की भागीदारी पेढीच्या नावे हाही आपल्या सनदी लेखापालाशी बोलण्याचा विषय आहे. त्यावर भाड्यावरील जीएसटी आणि आयकर अवलंबून असतात. दलालाचा त्याच्याशी संबंध नाही.

बँकेचे कर्जमंजुरी पत्र आणि खात्याचे उतारेही याच वर्गात येतात. ९० लाखांच्या प्रस्तावासोबत दीड कोटीचे मंजुरी पत्र पाठवणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे. ऐपतीचा पुरावा मागितलाच, तर प्रस्तावाच्या रकमेपुरते पत्र बँकेकडून किंवा लेखापालाकडून घ्यावे. संगणकावरील मूळ तक्ताही पाठवू नये. त्यातील दुसऱ्या पानांवर आणि सूत्रांत आपला सगळा विचार असतो. छापलेले एक पान पुरेसे आहे.

प्रस्तावासोबत कारण

हिशेब दाखवण्याचा सर्वांत मोठा उपयोग भाव सांगताना होतो. १ कोटी २० लाखांच्या गाळ्याला कोणी नुसतेच ‘८८ लाख’ म्हटले, तर मालकाला तो अपमान वाटतो आणि दलालाला तो निरोप पोहोचवणे जड जाते. तोच प्रस्ताव एका पानावरील हिशेबासह गेला, तर दलालाच्या हाती बोलायला काही असते: ‘शेठ म्हणतात, भाडे एवढे, कर एवढा, गेल्या वर्षी याच इमारतीत नोंदलेला व्यवहार एवढ्याचा, म्हणून ८८.’ मालकाला हिशेब मान्य नसेल तर तो कोणता रकाना चुकला ते सांगतो आणि बोलणी भावावरून वस्तुस्थितीकडे वळतात. ८८ लाखांना आपला परतावा सुमारे ५.३ टक्के येतो हे वाचणाऱ्याला काढता येईल. पण आपण ९४ ला थांबणार हे त्यातून कळत नाही. उघडा हिशेब आणि झाकलेला आकडा येथे एकाच कागदावर नांदतात.

प्रस्ताव देण्यापूर्वी शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे गाळ्याचे मूल्य काढून घ्यावे. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि शासकीय मूल्य यांपैकी जे जास्त त्यावर लागते. शिवाय शासकीय मूल्य करारातील किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक असेल, तर तो सगळा फरक खरेदीदाराचे उत्पन्न समजून त्यावर आयकर आकारला जाऊ शकतो. ९४ लाखांना घेतलेल्या गाळ्याचे शासकीय मूल्य १ कोटी १० लाख असेल, तर १६ लाखांवर कराचा प्रश्न उभा राहतो आणि स्वस्त वाटलेला सौदा तितका स्वस्त राहत नाही. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का कर कापून भरण्याची जबाबदारीही खरेदीदाराचीच आहे. आणि ‘काही भाग रोखीत’ ही सूचना कितीही आपुलकीने आली, तरी नाकारावी. स्थावराच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड त्या रकमेएवढाच असू शकतो.

मौन आणि असत्य

येथे श्रद्धावान वाचकांच्या मनात एक शंका येईल. आकडा राखून ठेवणे हे सत्याणुव्रताला धरून आहे का?

आपल्या आचारग्रंथांत सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, आहे आणि साकारमंत्रभेद, म्हणजे विश्वासाने झालेली मसलत उघड करणे, हाही आहे. व्यापाऱ्याने दोन्हींचा विचार करावा. भावांनी एकत्र बसून ठरवलेली मर्यादा ही घरची मसलत आहे. ती जपणे दोषास्पद नाही. पण ‘आमच्याकडे ८५ ला दुसरी जागा तयार आहे’ असे नसताना सांगणे, भाड्याचा रकाना मुद्दाम कमी भरून तो खरा म्हणून दाखवणे, ‘हाच शेवटचा आकडा’ असे म्हणून पुढच्या आठवड्यात वाढवणे, हे मौन नव्हे, असत्य आहे. हिशेबाचे जे पान आपण देतो त्यातील प्रत्येक आकडा आपण स्वतः खरा मानत असलो पाहिजे. न सांगण्याचा अधिकार आहे, खोटे सांगण्याचा नाही.

‘शेवटचे किती, ते तर सांगा,’ असा आग्रह झाला, तर सरळ उत्तर असे: ‘ते आम्ही सांगत नसतो. जागा आणा, हिशेब जुळला तर दोन दिवसांत होकार देऊ, नाही जुळला तर का ते कागदावर दाखवू.’

घरातील शिस्त

दलालापेक्षा घरातूनच आकडा बाहेर जाण्याचा संभव अधिक असतो. मोठ्या भावाने ९० सांगितलेले असतात. धाकटा लग्नसमारंभात सहज म्हणतो, ‘पंचाण्णवपर्यंत चालेल.’ दलाल पुष्कळदा आपल्याच समाजातील, ओळखीतील किंवा नात्यातील असतो. तो ‘आपलाच माणूस’ असतो, आणि समोरचा मालकही बहुधा त्याचा ‘आपलाच माणूस’ असतो. म्हणून पहिल्या भेटीपूर्वी घरात तीन गोष्टी ठरवाव्यात: दलालाशी एकच व्यक्ती बोलेल, कमाल आकडा लिहून, तारीख घालून वहीत ठेवला जाईल, आणि तो वाढवायचा झाला तर सर्वांनी बसूनच, नवा पुरावा समोर ठेवून वाढवला जाईल. आज अनेक घरांत सून किंवा मुलगी सनदी लेखापाल असते. हिशेबाचे पान तिने करावे आणि त्या बैठकीत तिचे मत शेवटी न विचारता आधी विचारावे.

दलालाकडूनही दोन ओळींचे पत्र घ्यावे: त्याचा मोबदला किती व कोणाकडून, आणि आपली माहिती आपल्या संमतीशिवाय दुसऱ्या पक्षास देणार नाही. तोंडी शब्द मोडल्याचे सिद्ध करणे कठीण असते. पत्रावर सही करताना माणूस एकदा विचार करतो.

दलालाचे देणे

शेवटी एक गोष्ट आपल्या बाजूची. हिशेब तपासून घेताना आपण दलालाचे वर्षानुवर्षांचे ज्ञान घेतो. त्याने रिकाम्या काळाचा आकडा दुरुस्त केला, रस्तारुंदी सांगितली, मालकाची खरी अडचण कळवली. त्यानंतर दलाली वाचवण्यासाठी परस्पर मालकाला गाठणे हे शोभणारे नाही. त्याच्या सांगण्यावरून आपण एखादी जागा सोडून दिली असेल, तर त्या सल्ल्याने आपले पाच-दहा लाख वाचलेले असतात आणि त्याला त्याचा एक रुपयाही मिळालेला नसतो. अशा दलालाला पुढचा व्यवहार द्यावा, ठरलेली दलाली खरेदीखत नोंदवल्याच्या दिवशी, धनादेशाने, न घासता द्यावी.

बाजारात एखाद्या घराण्याचे नाव असेच होते. ‘त्यांचा आकडा कोणाला कळत नाही, पण त्यांचा हिशेब खरा असतो आणि देणे वेळेवर असते,’ एवढे दलालांच्या तोंडी आले, की चांगली जागा पाटी लागण्यापूर्वी आपल्या दारी येते.